कोटातलं वॉरंट

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल अमलात कोण आणतं, असा प्रश्न आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारला, आणि माझ्याकडं कुणी बोट दाखवलेलं नसताना मी उभा राहून ठणकावून सांगितलं, "बेलिफ." आधी पुढच्या बाकांवरच्या मुली हसल्या, मग सगळा वर्ग हसला, शेवटी सरही हसले आणि म्हणाले, "बसा, बेलिफसाहेब." कॉलेज सुटेपर्यंत माझं नाव तेच राहिलं. पण माझा तरी काय दोष? माझे वडील, म्हणजे आमचे दादा, औरंगाबादच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते, कोर्टाची समन्स-वॉरंटं घरोघर जाऊन बजावणारे. आमच्या घरापुरतं बोलायचं तर न्यायसंस्था म्हणजे जज्ज नव्हे. जज्ज आम्ही कधी पाहिलेला नव्हता. न्यायसंस्था म्हणजे खाकी कोट घातलेला, सायकलच्या कॅरिअरला चामडी पिशवी बांधलेला एक उंच, किडकिडीत माणूस. तो दारात उभा राहिला की आतले लोक मागच्या दाराकडं बघायचे, आणि घरी आला की तोच माणूस आईला विचारायचा, "भाकरी झाली का गं?"

हसू ओसरल्यावर सरांनी जे सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तिथल्या न्यायाधीशाला मरेपर्यंत कुणी हलवू शकत नाही, तो काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, केलेला कायदासुद्धा रद्द करू शकतो, पण त्याच्या हाताशी फौज नाही आणि तिजोरीही नाही. तो फक्त निकाल देतो. तो निकाल चालवायचा तो अध्यक्षाच्या माणसांनी. एकदा तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाजूनं न्यायालयानं निकाल दिला, आणि तरी त्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून लावलं गेलं, कारण ज्यांच्या हातात अंमल होता त्यांनी हात हलवला नाही. आमच्या सरांना हे सांगताना फार आनंद होत असे. (पुढं कितीतरी वर्षांनी, मी स्वतः हाच विषय शिकवायला लागल्यावर, मला एका पुस्तकात सापडलं की तिथंही न्यायालयांचे हुकूम बजावणारी माणसं असतात, त्यांना मार्शल म्हणतात, ते कागद न्यायालयाचे चालवतात आणि नेमणूक मात्र अध्यक्षाकडून होते. म्हणजे माझं उत्तर अगदीच वाया गेलेलं नव्हतं. पण तोवर सर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते, आणि त्या मुलींचे पत्ते माझ्याकडं नव्हते.)

पैठण गेटच्या अलीकडं एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी दादांच्या सायकलची चेन गल्लीच्या तोंडाशी वाजायला लागली की आई तवा चढवायची. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कधी अंबाडीची भाजी, आणि दादांसाठी वेगळी काढलेली लसणाची चटणी, जी इतकी जाळ असायची की नुसत्या वासानं माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी यायचं. जेवताना दादा दिवसभराची हकिगत सांगायचे. कुणी समन्स घ्यायला नकार दिला, कुणी मागच्या दारानं पसार झालं. पाचोडला ते कायम बाजाराच्या दिवशीच जायचे, कारण शेतातला माणूस हजार ठिकाणी दडू शकतो पण बाजाराच्या दिवशी त्याला बैलांच्या रांगेत नाहीतर गुळाच्या दुकानापाशी यावंच लागतं. फर्दापूरकडच्या एका म्हाताऱ्यानं म्हणे समन्स वाचून घेतलं, दादांना ताक पाजलं, आणि सही करता करता विचारलं, "साहेब, हे तुम्ही चुकून हरवलं असतं तर?" दादा सही घेऊन पुढच्या गावाला निघाले. त्यांचे जोडीदार बेलिफ सर्रास 'घर बंद, इसम मिळून आला नाही' असं लिहून कागद परत करायचे. दादा म्हणायचे, "दार बंद असंल तर बंद लिहावं. उघडं असंल तर उघडं."

या कामाचं शिक्षण दादांना ज्यांनी दिलं ते वहीदचाचा. निजामाच्या काळात कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि चाचा तिथं नक्कलनवीस होते, म्हणजे निकालांच्या नकला उतरवून देणारे. पाचोडकडच्या एका खेड्यातून दादा शहरात आले तेव्हा त्यांना उर्दू जेमतेम वाचता यायची. चाचांनी त्यांना जवळ बसवून तामिलीचे, म्हणजे कागद बजावल्याचे, रिपोर्ट लिहायला शिकवले, पहिले सहा महिने तर स्वतःच लिहून दिले. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि हळूहळू कोर्टाची भाषा बदलली. दादा माझ्या बहिणीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मराठी लिहायला शिकले. चाचांना ते जमलं नाही. त्यांचं अक्षर असं होतं की जुने वकील ते भिंतीवर लावायला मागायचे, पण आता त्या अक्षराची कुणाला गरज उरली नव्हती. नोकरी सुटल्यावर ते बेगमपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत चाचींसोबत राहायचे, जमिनींचे कबाले आणि जुनी खरेदीखतं लोकांना वाचून दाखवायचे. त्या दोघांना मूल नव्हतं. ईदला आमच्याकडं शेवया यायच्या, दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या, आणि अधूनमधून चाचींच्या हातची खिचडी आणि चिंचेचा खट्टा. तो खट्टा मी दोन वाट्या प्यायचो आणि आई मला डोळ्यांनी दटावायची.

त्या वर्षी परीक्षा जवळ आली होती आणि मी घरच्यांना अमेरिकेनं हैराण करून सोडलं होतं. पाठ झालेलं कुणाला तरी म्हणून दाखवल्याशिवाय माझ्या डोक्यात राहायचं नाही, आणि जेवणाच्या वेळी घरचे उठून जाऊ शकत नव्हते. अध्यक्ष सेनापती कसा, न्यायाधीश तोच नेमतो पण सिनेटची संमती कशी लागते, शिक्षा झालेल्याला तो माफी कशी देतो, हे सगळं मी भाकरीच्या तुकड्यांमधून सांगायचो. दादा ऐकायचे. मधूनच एखादा प्रश्न विचारायचे, आणि तो सरांना कधी सुचला नसता असा असायचा.

"त्या जज्जाला काढता येत नाय म्हनतो?"

"नाय दादा. गंभीर गुन्हा केला तरच."

"अन् त्याचा कागद घेऊन जो जातो, त्याला?"

ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी विषय बदलून खिशातल्या व्हेटोवर गेलो, कारण ते मला सगळ्यात जास्त आवडायचं. काँग्रेसनं मंजूर केलेलं विधेयक अध्यक्षाकडं सहीला येतं. त्याला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत काँग्रेसचं अधिवेशन संपून सभासद घरी गेले, आणि अध्यक्षानं सही न करता कागद नुसता ठेवून दिला, तर ते विधेयक मरतं. नकार लिहावा लागत नाही, कारण द्यावं लागत नाही.

दादांनी भाकरी मोडली. "म्हंजे खिशात ठेवलं की मेलं."

"व्हय. सुट्टी लागेपर्यंत दम धरायचा, बस."

"लई भारी हाय तुझा अध्यक्ष," दादा म्हणाले आणि आईकडं चटणी मागितली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दादा घरी आले ते गप्प. हकिगत नाही, काही नाही. आईनं दोनदा विचारलं, "कुठं गेला होता आज?" तर म्हणाले, "कुठं नाय." कोट त्यांनी नेहमीच्या खुंटीला न लावता उशाशी घडी करून ठेवला. मी पुस्तकातला माणूस असलो तरी बेलिफाचा मुलगा होतो. ते अंघोळीला गेल्यावर मी आतल्या खिशात हात घातला. ताबा देण्याचं वॉरंट होतं, बेगमपुऱ्याच्या घराचं. घरमालकाला जागा स्वतःच्या मुलासाठी हवी होती, दावा काही वर्षं चालला होता, आणि आता कोर्टानं हुकूम दिला होता की अमुक तारखेच्या आत वहीदचाचांना बाहेर काढून घराचा ताबा मालकाला द्यावा, नाहीतर का दिला नाही याचा रिपोर्ट लिहून वॉरंट परत करावं. ते बजावायचं काम दादांच्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेले, वॉरंट कोटात. तिसऱ्या दिवशी तसंच. एप्रिलचं ऊन असं होतं की दुपारी गल्लीतली कुत्री गटारात बसायची, आणि इतर बेलिफ नुसत्या शर्टावर फिरत होते, पण दादांनी कोट काढला नाही. तारीख उलटली, दादांनी ताबाही दिला नाही आणि रिपोर्टही लिहिला नाही. मग माझ्या लक्षात आलं. कोर्टाची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली होती. मला काय वाटलं ते सांगायला आजही लाज वाटते: मला अभिमान वाटला. दादांचा नव्हे, माझा. माझ्या शिकण्याचा घरात कुणाला तरी उपयोग झाला होता. एका संध्याकाळी ते सायकल पुसत होते तेव्हा मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "दादा, व्हेटो का?"

त्यांनी फडकं झटकून कॅरिअरवर टाकलं. मग म्हणाले, "पेपर कधी हाय तुझा?"

वास्तविक तिथंच मी सांगायला हवं होतं की कोर्ट म्हणजे काँग्रेस नव्हे, डिक्री सुट्टीत मरत नसते, आणि तुम्ही अध्यक्ष नाही आहात, तुम्ही त्याच कोर्टाचे नोकर आहात. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत आलं असतं तर पाच गुणांसाठी लिहिलंही असतं. पण मी बोललो नाही.

चाची त्या दिवसांत आजारीच होत्या. हिवाळ्यापासून पोटाचं काहीतरी होतं, डॉक्टर नीट सांगत नव्हते, निदान आम्हा मुलांना नाही. आई एक दिवसाआड मऊ कण्या शिजवून डब्यात द्यायची आणि मी सायकलवर पोचवायचो. चाची आतल्या खोलीत बाजेवर असायच्या, चाचा उंबऱ्यापाशी. दार सताड उघडं, कारण आत वारा यायला दुसरी वाट नव्हती. एकदा त्यांनी मला बसवून घेतलं.

"क्या पढ रा मियाँ आजकल?"

मी अमेरिका सांगितली, अध्यक्षाला त्यांच्या भाषेत सदर म्हणून.

"वहाँ सदर बडा, के जज बडा?"

"दोनों बराबर, चाचा."

"हौ," ते म्हणाले. "दोनों बराबर के हैं, तो बीच का कागज कौन ले के जाता?"

मी म्हणालो, त्याचं नाव पुस्तकात नाही.

"नहीं रहता," चाचा म्हणाले. "नक्कल करने वाले का बी नहीं रहता." आणि मग अगदी सहज, जणू पाहुण्याबद्दल बोलावं तसं, "तेरे अब्बा कू बोल, कागज ले के आना है तो आव. मेरे कू सब मालूम है. शरमाव नक्को. चाय पी के जाव."

तो निरोप मी दादांना दिला नाही. मला वाटलं, खिशातली गोष्ट खिशात राहिलेली बरी.

कोर्टाला सुट्टी लागली. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात चाची गेल्या. सकाळी कुणीतरी सांगत आलं, आणि दादा चहा तसाच ठेवून निघाले. त्या उघड्या दारातून जनाजा निघाला तेव्हा दादांनी खांदा दिला, कोट घालूनच. आई बायकांमध्ये जाऊन बसली आणि घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, मग चूल न पेटवता भिंतीला टेकून राहिली. चाचींच्या खट्ट्यात नेमकं काय पडतं हे तिनं कधी विचारून घेतलं नव्हतं, एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली.

सुट्टी संपताच घरमालकाच्या वकिलानं अर्ज केला: वॉरंट गेलं कुठं? नाझरनं, म्हणजे बेलिफांच्या वरिष्ठानं, दादांना बोलावलं. दादांनी कोटातून घडी काढून टेबलावर ठेवली. नवं वॉरंट निघालं, दुसरा बेलिफ गेला, सोबत दोन पोलीस. त्यांची काही गरज नव्हती. चाचांनी सामान आधीच बांधून ठेवलं होतं, एक ट्रंक, एक बाज, कागदांची दोन गाठोडी. त्यांनी तिघांनाही चहा विचारला म्हणतात. खुलताबादला त्यांचा एक पुतण्या दुकान चालवायचा, त्याच्याकडं ते गेले. आम्ही दोनदा भेटायला गेलो, दुकानाच्या मागं पोत्यांच्या शेजारी त्यांची बाज होती. दुसऱ्या वेळी त्यांनी दादांना ओळखलं, मला नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी ते गेले, आणि ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

दादांवर खात्याची चौकशी लागली. नाझर वाईट माणूस नव्हता. तो घरी आला, आईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "अहो, एक ओळ लिहायची होती. घर बंद होतं. सुट्टीच्या पलीकडं गेलं असतं आपोआप. सगळे लिहितात."

"दार उघडं होतं," दादा म्हणाले.

"कुणी बघायला येणार होतं का?"

"उघडं होतं, साहेब."

मी तेव्हा पुन्हा एकदा माझी विद्या घेऊन पुढं सरसावलो. दादांना म्हणालो, जिल्हा न्यायाधीशांकडं दयेचा अर्ज करू, मी लिहितो, चांगल्या भाषेत लिहितो. घरची परिस्थिती, इतक्या वर्षांची नोकरी, सगळं घालतो. दादांनी विचारलं, "तुझ्या पुस्तकात माफी घ्यायची तर चूक झाली असं म्हनावं लागतं का?" मी म्हणालो, घेतली की कबूल केल्यासारखंच असतं. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. चौकशीत त्यांनी एकच वाक्य लिहून दिलं, त्या पहिलीच्या पुस्तकातल्यासारख्या सुट्या सुट्या अक्षरात: 'वॉरंट माझ्या कोटात राहिले.' का राहिले, ते नाही. चौकशीच्या साहेबांनी दोनदा विचारलं, तरी नाही.

त्यांना बेलिफावरून खाली उतरवून रेकॉर्ड रूममध्ये शिपाई केलं. सायकल दारात उभी राहून गंजली. तिथं निजामाच्या काळातले उर्दू बस्ते छतापर्यंत रचलेले होते, आणि सबंध कोर्टात ते वाचू शकणारे दादा आता एकटेच होते, पण वाचायला त्यांना कुणी सांगत नव्हतं. धूळ झटकायला सांगायचे. जेवताना हकिगती बंद झाल्या. मला वकील व्हायचं होतं. ते मी कुणाला न सांगता सोडून दिलं आणि शिकवण्या धरल्या, मग ज्युनिअर कॉलेजात लागलो. विषय तोच. अमेरिकेचं अध्यक्षपद, अमेरिकेची न्यायसंस्था, वर्षाला दोन तुकड्या, तीस वर्षं. दादा शेवटपर्यंत आमच्याजवळ होते. शेवटचे चार महिने अंथरुणावर होते तेव्हा मी पेपर तपासण्यात असायचो, आणि त्यांचं सगळं माझी बायको करायची.

आता कबुली. खिशातल्या व्हेटोच्या तासाला मुलं कंटाळतात. त्यांना जागं करायला मी दरवर्षी एक गोष्ट सांगायचो, नाव न घेता, एका भोळ्या बेलिफाची. मुलानं जेवताना व्हेटो शिकवला आणि बापानं तो खरा मानून कोर्टाचं वॉरंटच खिशात घातलं, त्याला वाटलं आपण अमेरिकेचे अध्यक्ष. वर्ग दरवर्षी हसायचा. मीही हसायचो. त्या हसण्याखाली माझी एक ठुसठुस होती, की मीच तो मुलगा, मीच दादांची बेलिफाची नोकरी खाल्ली. आणि माणूस ज्याचा अपराधी असतो त्याच्यावर विनोद करून बघतो, निदान मी करून बघितला. निवृत्तीच्या निरोप समारंभात तर मी ती नाव घेऊन सांगितली. म्हणालो, ते भोळे बेलिफ माझे वडील होते. टाळ्या पडल्या. एक-दोघांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेली बायको तेवढी मांडीवरच्या हाराकडं बघत होती.

घरी आल्यावर तिनं हार देवाच्या फळीवर ठेवला, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात न जाता माझ्यासमोर खाली बसली. सासऱ्यांना आमच्याकडं सुना मामा म्हणतात.

"एक सांगते," ती म्हणाली. "मामांनी शेवटच्या दुखण्यात मला सांगितलं, त्यांना शब्द दिला होता, म्हणून आजवर बोलले नाय. ते भोळे नव्हते. डॉक्टरांनी चाचींचं त्यांना एकट्यालाच सांगितलं होतं, लई तर महिना. चाचांनाही माहीत नव्हतं. मामांना फक्त तेवढा महिना पाहिजे होता, त्या बाईला रस्त्यावर बाज टाकून मरावं लागू नये म्हणून. तो कागद मरत नसतो हे त्यांना तुमच्याकडून कळायचं होतं व्हय? जन्मभर तेच तर केलं त्यांनी. नोकरी जाईल हे धरूनच ठेवला होता."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीपण विचारलं होतं," ती म्हणाली. "तर म्हणाले, त्याला सांगितलं तर तो वर्गात शिकवंल."